नीटची पुस्तकं निवडताना: आधी अभ्यासक्रमाचा कागद, मग दुकान

दहावीचा निकाल लागला की पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात आणि लातूरच्या क्लासच्या गल्ल्यांत पालक हातात पुस्तकांची यादी घेऊन फिरताना दिसतात. ही यादी बहुतेक वेळा दोन-चार वर्षांपूर्वी नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, दिलेल्या कुणाकडून तरी आलेली असते. देणाऱ्याने ती मनापासून दिलेली असते, पण मधल्या काळात परीक्षाच बदललेली असते. २०२१ ते २०२४ या वर्षांत प्रश्नपत्रिकेत २०० प्रश्न होते आणि त्यांतले १८० सोडवायचे होते. २०२५ पासून पुन्हा सरळ १८० प्रश्न आले, सगळे सक्तीचे, वेळ १८० मिनिटं. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा, एकूण ७२०. त्याआधीच, २०२४ च्या परीक्षेपासून, अभ्यासक्रमातली बरीच प्रकरणं गळाली होती आणि काही भाग नव्याने आला होता. म्हणून जुनी यादी घेऊन दुकानात शिरू नका. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

पायरी १: अभ्यासक्रम छापून घ्या

राष्ट्रीय वैद्यकीय आयोग नीटचा अभ्यासक्रम ठरवतो आणि राष्ट्रीय परीक्षा संस्था, म्हणजे एनटीए, परीक्षा घेते. दोन्हींच्या संकेतस्थळांवर अभ्यासक्रमाची पीडीएफ फुकट मिळते. तुम्ही ज्या वर्षी परीक्षा देणार त्या वर्षीचीच प्रत घ्या आणि माहितीपुस्तिका आली की तिच्याशी पुन्हा ताडून पाहा. सध्याच्या अभ्यासक्रमात भौतिकशास्त्राची २०, रसायनशास्त्राची २० आणि जीवशास्त्राची १० घटकं आहेत.

हा कागद मोबाईलवर ठेवून भागत नाही. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणा आणि प्रत्येक घटकासमोर तीन रकाने आखा: वाचलं, प्रश्न सोडवले, उजळणी. पुढे घ्यायचं प्रत्येक पुस्तक, प्रत्येक चाचणी, क्लासची प्रत्येक नोट याच कागदाला लावून पाहायची आहे. कागदावर जे नाही त्यावर पैसा खर्च करायचा नाही, आणि कागदावर असून पुस्तकात जे नाही ते कुठून आणायचं हे आधीच लिहून ठेवायचं.

पायरी २: एनसीईआरटीचा संच, आणि आवृत्तीचा घोळ

पाया एनसीईआरटीचाच, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पाठ्यपुस्तकांचाच. अकरावी-बारावी मिळून दहा खंड होतात: जीवशास्त्राचे दोन, रसायनशास्त्राचे चार, भौतिकशास्त्राचे चार. प्रकरणं मोजली तर जीवशास्त्र ३२, रसायन १९, भौतिक २८. पीडीएफ एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, तरी जीवशास्त्राची दोन पुस्तकं तरी छापील घ्याच. ती वर्षभर पेन्सिलने रंगवायची आहेत. अस्सल प्रतीच्या कागदात उजेडाकडे धरल्यावर जलचिन्ह दिसतं. नकली प्रतींत आकृत्या पुसट असतात आणि आकृतीतल्या नावांवरच प्रश्न येतात.

आवृत्ती किती महत्त्वाची ते २०२४ ने दाखवून दिलं. भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नात ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात आणि आपला विशिष्ट वर्णपट देतात’ असं विधान होतं. जुन्या एनसीईआरटीप्रमाणे ते बरोबर ठरत होतं, नव्या आवृत्तीप्रमाणे चूक. एनटीएने आधी दोन्ही उत्तरांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचं मत मागवलं आणि त्यांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, नव्या आवृत्तीप्रमाणे असलेलं. निकाल पुन्हा लावावा लागला आणि पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांची संख्या ६१ वरून १७ वर आली. एका शब्दाच्या फरकाने एवढं झालं. तेव्हा ताईचं किंवा शेजारच्या दादाचं पुस्तक वापरायचं असेल तर आतल्या पानावरचं पुनर्मुद्रणाचं वर्ष आधी बघा.

पण गंमत म्हणजे जुनी प्रत पूर्ण टाकूनही देता येत नाही. एनसीईआरटीने आपल्या पुस्तकांतून पी-ब्लॉकची प्रकरणं काढली, आयोगाने मात्र नीटमध्ये ही मूलद्रव्यं, म्हणजे आवर्त सारणीतले गट १३ ते १८, ठेवली. नुसती नवी पुस्तकं वाचणाऱ्याकडून हा अख्खा घटक निसटतो आणि त्याला ते परीक्षेच्या हॉलमध्येच कळतं. त्यामुळे रसायनशास्त्राची जुनी अकरावी आणि बारावी रद्दीच्या भावात मिळाली तर घ्या, पी-ब्लॉकची पानं सोडवून वेगळी शिवून ठेवा. वनस्पतींच्या कुळांचंही तसंच आहे. नव्या पुस्तकात सोलॅनेसी हे एकच कूळ उरलं आहे. अभ्यासक्रमात माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी, ग्रॅमिनी अशी पाच नावं आहेत. जास्वंद, मोहरी, वाटाणा, सूर्यफूल, गहू ही त्यांची घरातली उदाहरणं. पुष्पसूत्रं आणि पुष्पचित्रं यांची चार-पाच पानं चांगल्या गाइडमधून उतरवून घेतली की काम झालं. त्यासाठी वेगळं पुस्तक नको.

पायरी ३: बोर्डाचं पुस्तक कुठे बसतं

राज्य मंडळाचं पुस्तक बारावीसाठी लागणारच आहे, ते टाकाऊ नाही. अडचण क्रमाची आहे. परिवलन गती, द्रवांचे गुणधर्म, वायूंचा गत्यात्मक सिद्धांत, ऊष्मागतिकी, दोलनं हे सगळं एनसीईआरटीत अकरावीला येतं, आपल्या बोर्डात बारावीला. उलट प्रकाशाचं परावर्तन-अपवर्तन बोर्डात अकरावीत आणि एनसीईआरटीत बारावीत. जीवशास्त्रात रक्ताभिसरण आणि नियंत्रण-समन्वय बोर्डाने बारावीला ठेवलेत, एनसीईआरटीने अकरावीला. कॉलेजात एक चालू आणि घरी एनसीईआरटीच्या क्रमाने दुसरंच चालू, असं झालं की दोन्ही अर्धवट राहतं.

उपाय एका संध्याकाळचा आहे. अकरावी-बारावीच्या अनुक्रमणिका, बोर्डाच्या आणि एनसीईआरटीच्या दोन्ही, समोर ठेवा आणि अभ्यासक्रमाच्या कागदावर प्रत्येक घटकासमोर दोन्ही पुस्तकांतला प्रकरण क्रमांक लिहा. मग कॉलेजात जे शिकवतील तेच त्या आठवड्यात एनसीईआरटीतूनही वाचा. भौतिकशास्त्राच्या काही संकल्पना बोर्डाच्या पुस्तकात सोप्या करून दिल्या आहेत, त्या तिथूनच समजून घ्या. जीवशास्त्रात मात्र शब्द एनसीईआरटीचेच पाठ हवेत. अभ्यासाचा नमुना प्राणी म्हणून बोर्डाला झुरळ आहे, नव्या एनसीईआरटीला बेडूक, नीटसाठी बेडूक.

एमएचटी-सीईटीची पुस्तकं या कामाला चालत नाहीत. त्या परीक्षेत उणे गुण नाहीत, प्रश्न राज्य मंडळाच्या पुस्तकावर असतात, आणि एमबीबीएसचा प्रवेश तिच्यावर होत नाही. फार्मसी किंवा कृषीचा पर्याय उघडा ठेवायचा असेल तर तिची तयारी बारावीच्या परीक्षेनंतर वेगळी करा.

बोर्डाची एक वस्तू मात्र फार कामाची आहे आणि तिच्याकडे कुणी साहित्य म्हणून बघत नाही: प्रात्यक्षिकाचं जर्नल. २०२४ पासून भौतिकशास्त्रात प्रायोगिक कौशल्यं आणि रसायनात प्रात्यक्षिकाची तत्त्वं हे घटक आले आहेत. व्हर्नियर, स्क्रू गेज, मीटर ब्रिज, साधा लंबक, क्षारांचं पृथक्करण हे सगळं जर्नलमध्ये आहे. ते कॉपी करून पूर्ण केलं असेल तर हे घटक पुन्हा वाचावे लागतात. स्वतः मापन केलं असेल तर स्क्रू गेजचा पिच ०.५ मिमी आणि वर्तुळाकार मापपट्टीवर ५० भाग म्हटल्यावर लघुतम माप ०.०१ मिमी हे आपोआप येतं, आणि शून्य त्रुटी ऋण असेल तर ती वाचनात मिळवायची हेही लक्षात राहतं.

पायरी ४: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

नीट मराठीतून देता येते. मराठी निवडली की प्रश्नपुस्तिका मराठी आणि इंग्रजी अशी दोन्हीत येते, आणि भाषांतरात शंका आली तर इंग्रजी मजकूर ग्राह्य धरतात. एनसीईआरटीची पुस्तकं मात्र मराठीत निघत नाहीत, अकरावी-बारावीचं विज्ञानही आपल्याकडे जवळपास सगळीकडे इंग्रजीतूनच शिकवतात. आमचा सल्ला स्पष्ट आहे: अभ्यासाचं साहित्य इंग्रजीतलं घ्या. वर्षभर इंग्रजी संज्ञा वाचून ऐन परीक्षेत मराठी संज्ञा समोर आल्या तर डोकं अडखळतं. ‘उत्सर्जन’ हा एकच शब्द जीवशास्त्रात मूत्रपिंडाच्या कामासाठी येतो आणि भौतिकशास्त्रात धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्यासाठी. ‘चाल’ आणि ‘वेग’ बोलताना आपण एकच मानतो, पेपरात नाही.

सुरुवातीचे तीन महिने एक दोनशेपानी वही फक्त शब्दांसाठी ठेवा. डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा, उजव्या पानावर दहावीपर्यंत शिकलेला मराठी शब्द आणि एका ओळीत अर्थ. रोज दहा शब्द पुरेत. शब्दकोश विकत घेऊ नका. तुमच्या आठवी ते दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत यातले बरेच शब्द कंसासकट दिलेले आहेत, आणि ती पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत.

पायरी ५: विषयानुसार काय घ्यायचं

जीवशास्त्राला ३६० गुण, म्हणजे निम्मा पेपर, आणि इथेच सगळ्यात कमी पुस्तकं लागतात. एनसीईआरटी आणि तिच्या प्रत्येक परिच्छेदावर प्रश्न देणारं एक प्रश्नसंच पुस्तक, बस. जाडजूड संदर्भग्रंथ घेतला की अभ्यासक्रमात नसलेली उदाहरणं पाठ होतात आणि एनसीईआरटीतली ओळ निसटते. एनसीईआरटी कशी वाचायची ते एका उदाहरणावर बघा. डीएनएच्या प्रकरणात दिलंय की दोन लगतच्या बेस-जोड्यांमधलं अंतर ०.३४ नॅनोमीटर, आणि सस्तन प्राण्याच्या पेशीत ६.६ × १०^९ जोड्या धरल्या तर लांबी सुमारे २.२ मीटर. पुढे ई. कोलायच्या डीएनएची लांबी १.३६ मिलिमीटर देऊन जोड्या काढायला सांगितल्या आहेत. इथे थांबा, कागद घ्या, १.३६ मिलिमीटरला ०.३४ नॅनोमीटरने भागा: ४ × १०^६. आकडे बदलून हाच प्रश्न विचारता येतो, विधानं म्हणून विचारता येतो, जोड्या लावा म्हणूनही. ‘शॉर्ट नोट्स’मध्ये याची ‘डीएनए २.२ मी.’ एवढी एक ओळ उरते आणि तिचा उपयोग शून्य. म्हणून पहिल्या दोन वाचनांपर्यंत तयार नोट्स घेऊच नका.

रसायनशास्त्राचे तीन तुकडे तीन प्रकारे हाताळावे लागतात. अकार्बनी भाग एनसीईआरटीतूनच, अधिक जुनी पी-ब्लॉकची पानं. कार्बनी भागासाठी एनसीईआरटी आणि अभिक्रियांचा स्वतः काढलेला तक्ता; छापील तक्ता भिंतीवर लावून काही होत नाही, तो हाताने तीन वेळा काढावा लागतो. भौतिक रसायनाला मात्र गणितांचं एक पुस्तक हवं, प्रत्येक प्रकरणाला ६० ते ८० प्रश्न असलेलं. परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो आणि कच्चं काम पुस्तिकेतल्याच मोकळ्या जागेत करायचं असतं. तेव्हा सरावही तसाच करा, भागाकार-लॉग हाताने.

भौतिकशास्त्रात मुलं सगळ्यात जास्त पैसा घालवतात. २०२५ चा भौतिकशास्त्राचा भाग अवघड गेल्यावर अनेकांनी आयआयटी-जेईईची पुस्तकं उचलली. अकरावीच्या सुरुवातीला ती हातात घेतली तर बलांच्या प्रकरणातच दोन महिने जातात आणि प्रकाश-विद्युत तसंच राहतं. संकल्पनेसाठी एक पुस्तक, प्रश्नांसाठी एक, आणि एनसीईआरटीतली सोडवलेली उदाहरणं व स्वाध्याय पूर्ण. हे झाल्याशिवाय चौथं पुस्तक आणू नका. एनसीईआरटीचं एक्झेम्प्लार हे प्रश्नांचं पुस्तक फुकट आहे आणि त्यातले प्रश्न कसदार आहेत, पण ते जुन्या अभ्यासक्रमावर बनलेलं आहे. कागदाला लावून गळालेली प्रकरणं खोडून टाका.

पायरी ६: दुकानात उभं राहून दहा मिनिटांची तपासणी

मुखपृष्ठावरच्या ‘नवीन आवृत्ती’ या शब्दांवर जाऊ नका. अनुक्रमणिका उघडा.

रसायनाच्या पुस्तकात घन अवस्था, पृष्ठ रसायन, बहुवारिके ही प्रकरणं दिसली तर मजकूर २०२४ पूर्वीचा आहे. जीवशास्त्रात पचन व शोषण किंवा वनस्पतींचं खनिज पोषण दिसलं तरी तेच. ही पानं तुम्ही विकत घ्यायची नाहीत. आता उलटी खूण: पी-ब्लॉक मुळीच नसेल तर लेखकाने नव्या एनसीईआरटीवरून पुस्तक कापलं आहे, नीटचा कागद पाहिलेला नाही. तेही ठेवून द्या.

मग प्रश्नांचा प्रकार बघा. गेल्या काही वर्षांत विधान १-विधान २, जोड्या लावा, विधान आणि कारण असे प्रश्न खूप वाढले आहेत. मधलंच एखादं प्रकरण उघडून पन्नास प्रश्न चाळा. त्यांत असे दहाही नसतील तर संच जुन्या साच्यातला आहे.

शेवटी उत्तरांचं स्पष्टीकरण, कारण प्रश्नसंचाची खरी किंमत तिथे असते. एक नमुना घ्या: वायूचं तापमान २७ अंश सेल्सिअसवरून १२७ अंशांवर नेलं, तर रेणूंची वर्ग-माध्य-मूळ चाल किती पट होईल? उत्तर ४००/३०० चं वर्गमूळ, सुमारे १.१५. वाईट पुस्तक ‘उत्तर ब’ म्हणून मोकळं होतं. बरं पुस्तक सूत्र मांडून आकडे घालतं. चांगलं पुस्तक सांगतं की २.१७ हा पर्याय मुद्दाम ठेवला आहे, सेल्सिअसचे आकडे तसेच घातले की तो येतो, म्हणून आधी केल्व्हिन. असं स्पष्टीकरण दहापैकी सहा-सात प्रश्नांना असेल तर पुस्तक घ्या. आणि तुम्हाला पक्के येणारे पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरं तपासा. पाचात एक चुकीचं छापलेलं असेल तर पुढे शंभर ठिकाणी तुम्ही स्वतःवरच शंका घ्याल.

पायरी ७: मागच्या प्रश्नपत्रिका आणि सराव चाचण्या

प्रकरणवार मांडलेल्या मागच्या प्रश्नांचं एक पुस्तक पहिल्याच महिन्यात घ्या, शेवटी नाही. प्रकरण संपलं की त्याच आठवड्यात त्यावरचे प्रश्न. २०१६ पासूनचे आधी, त्याआधीच्या एआयपीएमटी या जुन्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचे वेळ उरला तर. २०१६ मध्ये परीक्षेचे दोन टप्पे झाले होते आणि २०२४ ची २३ जूनला झालेली फेरपरीक्षाही आहे. असे पेपर संग्रहात आहेत का पाहा, ते अनेकांनी सोडवलेले नसतात. २०२३ पर्यंतच्या पेपरांत गळालेल्या प्रकरणांचे प्रश्न असणार, ते ओलांडून जा. गेल्या तीन वर्षांचे पूर्ण पेपर मात्र फोडू नका. ते शेवटच्या दोन महिन्यांत घड्याळ लावून द्यायचे आहेत.

सराव चाचण्यांची मालिका घेताना एकच प्रश्न विचारा: किती प्रश्न, किती मिनिटं? उत्तर २०० प्रश्न, २०० मिनिटं आलं तर ती जुनी आहे. अभ्यासक्रम तीन चतुर्थांश झाल्यावर सुरू करा, १५ ते २० पूर्ण चाचण्या पुरतात. २०२५ ची परीक्षा दुपारी २ ते ५ होती, म्हणून रविवारी त्याच वेळी बसा, जेवणानंतरची सुस्ती सकट. चाचण्या मोबाईलवर दिल्या तरी उत्तरं ओएमआर कागदावरच भरा. वीस कोरे ओएमआर छापून घेतले की वर्ष निघतं, आणि १८० गोळे काळ्या बॉलपेनने भरायला तुम्हाला नेमका किती वेळ लागतो ते कळतं. बहुतेकांना तो सुरुवातीला धरल्यापेक्षा जास्त लागतो आणि शेवटचे आठ-दहा गोळे रिकामे राहतात.

चाचणीएवढाच वेळ तपासणीला द्या. चुकांच्या वहीत तीन रकाने: येतच नव्हतं, येत होतं पण वाचण्यात चुकलं, अंदाजाने मारलं. तिसऱ्या रकान्याचा हिशेब बघा. १५० बरोबर आणि ३० चूक म्हणजे ५७०. १५० बरोबर, १० चूक आणि २० कोरे म्हणजे ५९०. पहिला रकाना फुगला असेल तर परत पुस्तकाकडे. नवी चाचणी मालिका घेऊन तो कमी होत नाही.

पैसे कमी असतील तर

एनसीईआरटी, एक्झेम्प्लार, जुने पेपर आणि उत्तरसूची हे सगळं अधिकृत ठिकाणी फुकट आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचं ‘साथी’ हे संकेतस्थळ व्हिडिओ आणि चाचण्या फुकट देतं. इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी नागपूरची महाज्योती संस्था दहावीनंतर नीटचं ऑनलाइन प्रशिक्षण आणि टॅब देते. दहावीचा निकाल लागताच तिची जाहिरात शोधा. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवलेलं असेल तर अर्ज मुदतीत जातो. क्लासची सेकंडहँड मॉड्यूल्स स्वस्तात मिळतात आणि घ्यायला हरकत नाही, पण एका संस्थेचा एकच संच घ्या, अनुक्रमणिकेची वरची तपासणी करून, आणि ज्यात आधीच्या मुलाने उत्तरांवर खुणा केल्या आहेत तो नको. खुणा दिसत असताना प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, सुटलेला नसतो.

शेवटच्या सहा आठवड्यांत टेबलावर एवढंच ठेवा: रंगवलेली जीवशास्त्राची दोन पुस्तकं, शिवलेली पी-ब्लॉकची पानं, हाताने काढलेला अभिक्रियांचा तक्ता, भौतिकशास्त्राच्या सूत्रांची वही, चुकांची वही आणि तीन न फोडलेले पेपर. बाकीची पुस्तकं खोक्यात भरून माळ्यावर टाका, आणि त्या दिवसांत कुणी नवी पीडीएफ पाठवली तर उघडू नका.